नेग्रोनी : तीन समान भागांचे कडसर पेय

जिन, कॅम्पारी आणि तांबडे गोड व्हर्मुथ प्रत्येकी ३० मिलिलिटर, एवढेच नेग्रोनीचे प्रमाण आहे. मात्र हे तीन घटक एकत्र कसे आले हे ठाऊक असले, म्हणजे कोणत्या बाटलीकडे अधिक लक्ष द्यायचे हेही समजते.

व्हर्मुथ इटलीतील तुरीन शहराचे. वाइनमध्ये वनौषधी, साखर आणि थोडे मद्यार्क घालून ते करतात, आणि १७८६ साली आंतोनिओ बेनेदेत्तो कार्पानो यांनी ते तेथे लोकप्रिय केले, असे मानले जाते. कॅम्पारी हे लालभडक, कडू मद्य गास्पारे कॅम्पारी यांनी १८६० साली नोव्हारा येथे तयार केले. पुढे मिलान हेच त्याचे घर झाले आणि तेथील गॅलेरिया या छतबंद बाजारपेठेत त्यांचे पुत्र दाविदे यांनी १९१५ साली कॅम्परिनो हा बार सुरू केला. या दोन शहरांची पेये समप्रमाणात मिसळली की मिलानो-तोरिनो होते, आणि त्यात सोडा घातला की अमेरिकानो. १९१९ च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या काफे कासोनीमध्ये काउंट कामिल्लो नेग्रोनी यांनी आपला अमेरिकानो अधिक कडक हवा म्हणून सोड्याऐवजी जिन घालायला सांगितली आणि बारमन फोस्को स्कार्सेल्ली यांनी लिंबाच्या जागी संत्र्याची फोड लावून तो दिला, अशी हकीकत सांगतात. तिचे बारकावे वादग्रस्त असले, तरी पेयाची वंशावळ मात्र तीच आहे.

आता कृती. जाड बुडाचा, बसका ग्लास आधी थंड करून बर्फाच्या मोठ्या खड्यांनी काठोकाठ भरावा. बर्फ कमी घातला तर पेय कमी पाणचट होईल, हा समज उलटा आहे; थोडा बर्फ लवकर वितळतो आणि पेय पाणचट होते. तिन्ही मद्ये मोजून थेट ग्लासात ओतावीत आणि लांब चमच्याने वीस-तीस सेकंद सावकाश ढवळावे. हे पेय शेकरमध्ये घालून हलवू नये, कारण हवेचे बुडबुडे शिरून त्याचा नितळ लाल रंग गढुळतो. ढवळताना सुटणारे थोडे पाणी आवश्यकच असते, कारण मूळ मिश्रणात सुमारे चतुर्थांश भाग मद्यार्काचा असतो. शेवटी संत्र्याची अर्धी चकती घालावी. त्याऐवजी सालीची पट्टी ग्लासावर पिळून तिचे तेल पृष्ठभागावर उडवले, तर पहिल्या घोटाआधी सुवास येतो, आणि मला हीच पद्धत अधिक पटते.

घरच्या नेग्रोनीचा बेरंग बहुधा व्हर्मुथमुळे होतो. जिन आणि कॅम्पारी कपाटात दीर्घकाळ टिकतात, पण व्हर्मुथ शेवटी वाइनच असल्याने बाटली उघडल्यावर हवेने उतरू लागते, आंबूस होते आणि कडूपणाला तोलणारा गोडवा हरवतो. म्हणून लहान बाटली घ्यावी, उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवावी आणि एक-दोन महिन्यांत संपवावी. जिन मात्र जुनिपरचा, म्हणजे तिला मुख्य चव देणाऱ्या फळाचा, ठसठशीत स्वाद असलेली, साधी असली तरी चालते. नाजूक फुलांच्या सुगंधाची महागडी जिन कॅम्पारीपुढे टिकत नाही, तेव्हा तो खर्च वाया गेला असेच म्हणावे लागेल.

पहिला घोट अनेकांना फार कडू लागतो. तो कडूपणाच भूक चाळवतो, त्यामुळे इटलीत हे पेय संध्याकाळी जेवणाआधी, ऑलिव्ह किंवा खारवलेल्या शेंगदाण्यांसारख्या चटकमटक खाण्यासोबत, हळूहळू घेतात. तरीही जड वाटल्यास अमेरिकानोपासून सुरुवात करावी, किंवा मिलानच्या बार बास्सोमध्ये मिर्को स्तोक्केत्तो यांनी प्रसिद्ध केलेला स्बाल्यातो करून पाहावा : कॅम्पारी आणि व्हर्मुथ बर्फावर ढवळून घ्यावे, जिनऐवजी तितकीच थंडगार फेसाळ वाइन सर्वांत शेवटी ओतावी, आणि फेस मोडू नये म्हणून चमचा एकदाच तळापासून वर फिरवावा.