प्रॅक्टिकल ऑनलाइन झालंय? मग मोटर वाइंडिंगच्या दुकानात जा

इलेक्ट्रिकल डिप्लोमाचं प्रॅक्टिकल मोबाईलवर बघून जर्नल पूर्ण होतं, पण हाताला काही कळत नाही, टर्मिनलचा स्क्रू किती आवळायचा ते व्हिडिओत कुठं दिसतंय? आमची दोन सेमिस्टर अशीच गेली म्हणून सांगतोय.

आधी भंगारातनं एक जुना कॉन्टॅक्टर (कॉइलनं ओढला जाऊन मोटरचा सप्लाय चालू-बंद करणारा स्विच) आणि ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद पाडणारा) मिळवा, सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीच्या आसपास चौकशी करा. एक साधा मल्टिमीटर घ्याच. सप्लाय अजिबात जोडायचा नाही, बोटानं कॉन्टॅक्टर दाबून कंटिन्युटी बघायची, म्हणजे त्यावर छापलेल्या नंबरांची टर्मिनलं आतून जुळतात का ते, १-२, ३-४, ५-६ जुळतात का, १३-१४ जुळतो का. रिलेचा ९५-९६ एरवी जुळलेला असतो, ट्रिप झाला की सुटतो. हे कळलं की डीओएल स्टार्टरची (मोटर थेट लाइनवर चालू करणारा साधा स्टार्टर) कंट्रोल वायरिंग जोडा. हिरव्या, म्हणजे स्टार्टच्या बटणाला पॅरलल १३-१४ टाकतात ते बटण सोडल्यावरही कॉन्टॅक्टरची कॉइल धरून राहावी म्हणून. न बघता जमेपर्यंत सोडा, परत जोडा.

मग मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटरची तार काढून नवी गुंडाळायचं दुकान गाठा. आपल्याकडं कृष्णाकाठच्या शेतीपंपांमुळं ही दुकानं गावोगाव आहेत. मिस्त्रींना सरळ म्हणायचं, "मामा, रोज दोन तास येतो, पगार नको, पडेल ते काम करतो." सुरुवातीला जळकी कॉइलच काढायला लावतील, कंटाळा येईल, पण खरं शिक्षण तिथंच आहे. स्टार जोडणीतली थ्री फेज मोटर सिंगल फेजिंगनं (तीनपैकी एक फेज जाऊनही चालत राहिल्यानं) जळली तर दोन फेजच्या कॉइल काळ्या पडतात आणि एक तशीच चांगली राहते, डेल्टा जोडणीत उलटं, एकच जळते. एवढं नुसतं बघून ओळखता आलं की शेतकऱ्याला "फेज गेला होता, आधी प्रिव्हेंटर (फेज गेला की मोटर बंद करणारा) बसवा" असं सांगता येतं, नाहीतर नवं वाइंडिंगही परत जळणार!

मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) हातात मिळाला तर ५०० व्होल्टवर वाइंडिंग ते बॉडी घ्या, १ मेगाओहमच्या खाली आलं तर मोटर चालू करायची नाही.

आणि हे मनापासून सांगतो, मोटर बंद दिसते म्हणून हात घालू नका. मेन स्विच पाडा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा, टेस्टरवर न थांबता मीटरनं तपासा, सिंगल फेज मोटरचा कपॅसिटर आधी रेझिस्टरनं डिस्चार्ज करा, सप्लाय काढल्यावरही तो झटका देतो.

डिप्लोमा झाला की सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव टाका, १९६१ च्या कायद्याखाली स्टायपेंड मिळतो. तोवर एक वही ठेवा, कुठली मोटर, किती एचपी, काय फॉल्ट, कसा सापडला, रोजच्या रोज लिहा, इंटरव्ह्यूला जाताना तीच वही सोबत न्या.