अँटिबॉडीचा रिपोर्ट: आकड्याआधी तारीख बघा

रक्त काढलं की लॅबमध्ये मी ट्यूब अर्धा तास उभी ठेवते, गोठू देते, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवते. लाल गोळा खाली बसतो आणि वर पिवळसर सीरम सुटतं. कोरोनाच्या अँटिबॉडी आम्ही मोजतो त्या या सीरममध्ये. रिपोर्ट घ्यायला आलेला प्रत्येक जण विचारतो, "आकडा चांगलाय ना?"

आकडा राहू द्या. आधी बोटांवर मोजा: ताप-खोकला सुरू झाल्यापासून रक्त देईपर्यंत किती दिवस गेले? एक गृहस्थ तापाच्या तिसऱ्या दिवशी आले, रिपोर्ट निगेटिव्ह बघून खूश होऊन निघाले. त्यांना दारातूनच परत बोलावलं. मोजता येण्याइतक्या अँटिबॉडी तयार व्हायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. आत्ता संसर्ग आहे का, हे बघायला आरटी-पीसीआर किंवा अँटिजेन चाचणी.

आयजीएम आणि आयजीजी हे अँटिबॉडीचे दोन प्रकार. आयजीएम आधी, आयजीजी नंतर, असं आम्ही शिकलो. कोरोनात मात्र दोन्ही बऱ्याचदा जोडीनंच वर येतात, त्यामुळे आयजीएमवरून संसर्गाची तारीख काढायला जाऊ नका.

आता चाचणीचं नाव नीट वाचा, कारण खरी गोम तिथे आहे. 'एस' म्हणजे विषाणूच्या काट्यांवरचं स्पाइक प्रथिन, 'एन' म्हणजे आतलं न्यूक्लिओकॅप्सिड. कोविशील्डसारखी लस शरीराला फक्त स्पाइक दाखवते. ती घेतलेल्याचा एस पॉझिटिव्ह आणि एन निगेटिव्ह आला, तर ते लसीचंच काम असू शकतं. एनही पॉझिटिव्ह असेल तर बहुधा विषाणू येऊन गेलाय. कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा निष्क्रिय विषाणू असतो, तिथे हा हिशेब चालत नाही. उलट बाजूही आहे: एनच्या अँटिबॉडी काही महिन्यांत उतरतात, म्हणून निगेटिव्ह एन म्हणजे कोरोना कधी झालाच नाही, असं नाही.

आता आकडा. शेजारचं एकक बघा. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर 2020 मध्ये मोजमापाचं एकच प्रमाण ठरवून दिलं, त्यावरून बीएयू (बाइंडिंग अँटिबॉडी युनिट) प्रति मिली हे एकक आलं. तरी दोन वेगळ्या किटचे आकडे शेजारी ठेवून भांडू नका. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी आला तर घाबरूही नका. रक्तात एकदा आलेली आयजीजी सुमारे तीन आठवड्यांत निम्मी होते. पुढचा पुरवठा अस्थिमज्जेतल्या, अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी करतात. विषाणू लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी तर या रिपोर्टमध्ये दिसतच नाहीत.

येताना लक्षणं सुरू झाल्याची तारीख, लसीचं नाव आणि डोसच्या तारखा लिहून आणा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, काही किटचा निकाल त्यांनी चुकतो.