उभ्या उभ्या कुजलेला ट्रक

सैन्यानं मोडीत काढलेला ट्रक दारात आला की हात शिवशिवतात ते सेल्फ मारायला. माझेही शिवशिवले. नव्या बॅटऱ्या जोडल्या, काळा लोट उठला, इंजिन लागलं, बघ्यांनी टाळ्या पिटल्या. मग गाडी गिअरमध्ये टाकली, चार हात पुढे नेली आणि ब्रेक दाबला, तर पेडल थेट फळीला टेकलं. शेवटी झाडानं थांबवलं. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी ब्रेक, इंजिन नंतर.

माझा ट्रक एम३५ए२, अमेरिकी सैन्याचा, चाकांच्या सहाही ठिकाणी इंजिनची ओढ असलेला. ही जात १९५० च्या सुमारास सैन्यात आली. म्हणायला ‘अडीच टनी’, पण ते रस्ता सोडून चालताना वाहायचं वजन. रिकामी गाडीच सहा टनांच्या आसपास भरते. तुमचा ट्रक दुसऱ्या सैन्याचा असेल तर सुटे भाग वेगळे निघतील, दुखणी मात्र बहुधा हीच. या गाड्या चालून झिजलेल्या नसतात, वर्षानुवर्षं उभ्या राहून कुजलेल्या असतात. रबर सुकतं, ऑइलमध्ये पाणी उतरतं, तारांचे जोड हिरवे पडतात.

ब्रेक इथे तेलाचा, आणि त्याला जोर हवेचा. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं, म्हणजे पेडलजवळच्या मुख्य पंपातलं, तेल एअर-पॅककडे जातं, तिथे हवा त्याचा दाब वाढवते आणि ते सगळ्या चाकांना पोचतं. पण सर्किट एकच. कुठल्याही एका चाकाचा रबरी होज फुटला की सगळ्या गाडीचा ब्रेक गेला. म्हणून ‘हा होज अजून बरा दिसतोय’ हे वाक्य मी तोंडातून काढत नाही. सगळे होज नवे, सगळे व्हील सिलिंडर (चाकातले ब्रेक दाबणारे) खोलून पाहायचे, आतून खड्डे पडले असतील तर सरळ बदलायचे. लोखंडी पाइपांवरून नखानं रंग खरवडा; खाली भुगा निघाला तर तो पाइपही गेला समजा.

ड्रम काढल्यावर ब्रेकचे लायनर ओले दिसले तर पुसण्याआधी वास घ्या. गिअर ऑइलचा उग्र वास लपत नाही. तो आला तर हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचं, सील गळतंय. पण सील मागवण्याआधी अ‍ॅक्सलच्या हौसिंगवर चढलेला चिखल खरवडून तिथला छोटा ब्रीदर, म्हणजे आतली हवा सोडणारं तोंड, शोधा. तो बुजला की आतली तापलेली हवा कोंडते आणि ऑइलला सीलमधून बाहेर ढकलते. मी एकाच चाकाचं सील दोनदा बदललं, तेव्हा कुठे मान वर करून ब्रीदर पाहिला. पाच मिनिटांचं काम होतं!

ब्रेक ऑइलचा घोळ वेगळाच. अमेरिकी सैन्य १९८० च्या दशकात डॉट ५ या जातीच्या ब्रेक ऑइलवर गेलं. हे सिलिकॉनचं, रंगानं जांभळट. ते डॉट ३ किंवा डॉट ४ मध्ये मिसळत नाही, आणि नावात साम्य असलं तरी डॉट ५.१ सिलिकॉनचं नसतं. आधीच्या मालकानं काय ओतलंय हे कळत नसेल तर सगळं काढून, पाइप धुऊन, एकच जात भरा. सिलिकॉन ओतताना बाटली हलवू नका, त्यात बारीक बुडबुडे धरतात आणि मग पेडल स्पंजासारखं लागतं. पाइपांत अडकलेली हवा, म्हणजे एअर, काढताना सुरुवात एअर-पॅकपासून, मग सगळ्यात लांबचं चाक, मग जवळची.

हँडब्रेकवर तर मुळीच विसंबू नका. तो चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटणाऱ्या पेटीच्या) मागे प्रॉपेलर शाफ्टच्या तोंडाशी आहे. मी शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस बदलायला शाफ्ट सोडवला आणि हँडब्रेक ओढलेला असतानाही गाडी वीतभर सरकली. मी खाली होतो. चाकाला लाकडी ठोकळा लावलेला होता, म्हणून हे लिहितोय. ठोकळे दोन्ही बाजूंनी लावा, आणि नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

चाकं काढताना डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे आहेत हे ध्यानात ठेवा. पान्याला चार फुटी पाइप लावून चुकीच्या दिशेनं लोंबकळलेले लोक मी पाहिलेत. रिमला लॉक रिंग, म्हणजे टायर अडकवून ठेवणारी लोखंडी कडी, असेल तर व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. हवा भरताना टायर लोखंडी पिंजऱ्यात, नळी लांब, आपण बाजूला. ती रिंग उडून माणसं मेली आहेत. हे काम जाणत्या टायरवाल्याला देण्यात कमीपणा नाही.

वायरिंग २४ व्होल्टचं, १२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. रेडिओसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढायचा मोह होतो. मग एक अर्धपोटी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही लवकर मरतात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा. दिवा लागत नसेल तर बल्बआधी अर्थिंगचा जोड घासा. आणि त्याही आधी स्विच नीट पाहा: शत्रूला उजेड दिसू नये म्हणून मोठ्या दिव्यांना वेगळी खटकी आहे, ती धरून ठेवल्याशिवाय मुख्य खटका पुढे सरकत नाही. हे कळेपर्यंत मी अर्धं वायरिंग उकललं होतं.

आता इंजिन. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर डिझेल आत उतरतंय; तसं चालवू नका. टाकी धुवा, फिल्टर बदला, बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढा. इंजिन बंद करायची केबल डिझेल पंपावरचा दांडा खरंच ओढते का, हे सोबत्याला डोळ्यांनी बघायला लावा. बरेच दिवस पडून राहिलेला पंप फुल डिझेलवर अडकला तर इंजिन सुसाट सुटतं आणि स्विच बंद करून थांबत नाही. हवेच्या तोंडावर दाबायला जाड फळी जवळ ठेवा. हात कधीच नाही, टर्बो आत ओढतो. केबल ओढलेली ठेवून ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत थोडा थोडा सेल्फ मारा, मगच केबल सोडा.

ग्रीसचे निपल पुसून घ्या, नाहीतर मातीच आत भराल. जुनं काळं ग्रीस संपून नवं बाहेर दिसेपर्यंत गन मारा.

पहिली फेरी दहा किलोमीटरची. थांबल्यावर प्रत्येक हबजवळ हाताची मागची बाजू न्या. सगळे सारखे कोमट असले तर ठीक. एकच चटका देत असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग जास्त आवळलंय. चाक उचला, हातानं फिरवा, कुठे घासतं ते ऐका.