डी४ ला काळ्याचे उत्तर: निवडताना या चुका टाळा

बुद्धिबळात पांढऱ्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे सरकवले, म्हणजे डी४ केले, की काळ्याकडे उत्तरांची वाण नसते. अडते ते निवडीपाशी, आणि पुष्कळ जण ती निवड आवडत्या खेळाडूच्या नावावरून करतात. माजी जगज्जेते फिशर आणि कास्पारोव्ह किंग्ज इंडियन हा बचाव खेळत, म्हणून आपणही तोच खेळावा असे वाटते खरे. पण त्या बचावात पांढऱ्याला पटाचा मध्य आधी जाणूनबुजून देऊन टाकायचा असतो आणि मग ई५ किंवा सी५ करून तो वेळेत फोडायचा असतो. ती वेळ हुकली की काळ्याचे मोहरे आपल्याच प्याद्यांमागे कोंडले जातात.

ग्रुनफेल्ड या दुसऱ्या बचावामध्ये पाठांतराचा भार त्याहून मोठा आहे. २०१० साली सोफिया येथे तोपालोव्हविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत आनंद पहिल्याच डावात ग्रुनफेल्ड खेळला, तयारीतला चालींचा क्रम चुकला आणि ३० चालींत हरला. निर्णायक बाराव्या डावात त्याने क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्डमधील (डी४ डी५, सी४ नंतर प्यादे न मारता ई६ करणे) लास्कर पद्धत निवडली, जिच्यात काळा ई४ वर घोडा आणून मोहऱ्यांची अदलाबदल करतो आणि आपली कोंडी सैल करतो. तो डाव जिंकून त्याने विजेतेपद राखले. ज्या ओपनिंगमध्ये, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या पद्धतीत, पुढची चाल आठवली नाही तरी तर्काने सापडू शकते, ती सरावाला कमी वेळ असणाऱ्याने आधी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक अर्धवट तयारीची. निम्झो-इंडियन हा बचाव उत्तम आहे, परंतु पांढऱ्याने सी३ वर घोडा आणला तरच त्याला उंटाने बी४ वरून जखडता येते. पांढऱ्याने त्याऐवजी घोडा एफ३ वर आणला, तर क्वीन्स इंडियन (बी६ करून उंट बी७ वर नेण्याचा बचाव) किंवा सरळ डी५ अशी दुसरी तयारी लागतेच. लंडन पद्धतीत (पांढऱ्याने लवकर उंट एफ४ वर आणणे) तर पांढरा सी४ खेळतच नाही. तिथे लवकर सी५ करून वजीर बी६ वर आणावा, कारण सी१ वरचा उंट बाहेर गेल्यामुळे बी२ चे प्यादे उघडे पडलेले असते.

तिसरी चूक चालींच्या क्रमाची. डी४ डी५, सी४ या चालींनंतर काळ्याने सी४ चे प्यादे मारणे योग्यच आहे, पण ई३ नंतर ते बी५ खेळून राखू पाहणे महागात पडते: ए४, सी६, मग बी५ वर मारामारी, आणि वजीर एफ३ वर येताच ए८ चा हत्ती उघडा पडून काळ्याचा निदान एक मोहरा जातो. स्लाव्हमध्ये (डी४ डी५, सी४ ला सी६ हे उत्तर) दोन्ही पांढरे घोडे बाहेर आल्यावर चौथ्या चालीला उंट एफ५ वर नेण्याचा मोह असाच नडतो. पांढरा डी५ वर मारामारी करून वजीर बी३ वर आणतो, बी७ आणि डी५ दोन्हींवर दाब येतो आणि उंटाला बहुधा मुकाट्याने सी८ वर परतावे लागते. आधी सी४ चे प्यादे मारावे, पांढऱ्याने ए४ केल्यावर उंट बाहेर काढावा.

दोन-चार पराभवांनंतर ओपनिंगच बदलण्यापूर्वी आपले डाव पंधराव्या चालीपाशी थांबवून पाहावेत. तिथे स्थिती समसमान असेल आणि मोहरा पुढे गमावला असेल, तर दोष ओपनिंगचा नाही. डावामागून डाव सी८ चा उंट जागचा हलतच नसेल, तर मात्र तक्रार खरी आहे. अशा वेळी स्लाव्हकडे वळावे किंवा क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्डमध्येच बी६ करून त्या उंटाला बी७ ची वाट द्यावी.