प्रोसिडिंगवर सही करण्याआधी

माझी निवड पालकसभेत हात वर करून झाली. धाकटी तेव्हा पहिलीत होती. पहिलीच्या पालकांतून एक बाई हवी होती. कुणीतरी माझं नाव सुचवलं, शेजारच्या दोघीतिघींनी हात वर केले आणि मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य झाले. बीड जिल्ह्यातलं आमचं गाव लहान आहे. जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवीची शाळा, पट ऐंशीच्या आसपास. त्या समितीत मी चार वर्षं काढली, पहिली दोन सदस्य म्हणून आणि पुढची दोन अध्यक्ष म्हणून. यंदा ज्यांची नावं नव्यानं लागली आहेत त्यांच्यासाठी, त्यातही आयांसाठी, हे लिहिते आहे. मला कुणी सांगितलं असतं तर पहिलं वर्ष वाया गेलं नसतं.

निवडीनंतर आठवडाभरानं संध्याकाळी एक मुलगा प्रोसिडिंगचं, म्हणजे बैठकीच्या इतिवृत्ताचं, रजिस्टर घेऊन घरी आला. मी भाकरी थापत होते. “इथं सही द्या म्हणलेत.” हात पुसले आणि त्यानं बोट ठेवलं तिथं सही केली. वरचं पान कोरं होतं. दोन-अडीच महिन्यांनी त्याच पानावर ठराव वाचला: वर्गखोल्यांची रंगरंगोटी, खर्चास मंजुरी, खाली माझी सही. रंग एकाच खोलीच्या एका भिंतीला लागला होता. पुढच्या बैठकीत मी उभी राहून एवढंच म्हणाले, “मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून दाखवा.” वाचलं गेलं, सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं, आणि दिवाळीच्या सुट्टीत उरलेलं काम झालं. तेव्हापासून घरी आलेल्या रजिस्टरवर मी सही केली नाही. बैठकीला गेले, ऐकलं, वाचलं, मग सही.

नवीन सदस्यांना माझं पहिलं सांगणं हेच. बैठकीतला पहिला विषय कायम एकच असतो, ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. बहुतेक ठिकाणी तो न वाचताच कायम होतो. तुम्ही वाचायला लावा. ठराव लिहिताना सूचक कोण, अनुमोदक कोण, रक्कम किती, काम कधीपर्यंत, हे सगळं तुमच्यासमोर लिहिलं जाऊ द्या. आणि ठरावाखालची मोकळी जागा आडवी रेघ मारून बंद करा. चहा पिताना कितीही चांगलं बोलणं झालं तरी प्रोसिडिंगवर आलं नाही ते झालं नाही, असंच धरून चाला.

आपला अधिकार कुठून येतो हे ठाऊक असलं की आवाज आपोआप सुटतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ मध्ये ही समिती आहे. किमान ७५ टक्के सदस्य पालक, निम्म्या महिला, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. आपल्या राज्यात समिती १२ ते १६ जणांची असते, मुदत दोन वर्षं. अध्यक्ष पालकांमधूनच होतो आणि मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात. ग्रामपंचायतीचा एक सदस्य आणि एक शिक्षकही समितीत असतात. बैठक महिन्यातून एकदा व्हायलाच हवी. खासगी विनाअनुदानित शाळांना हे कलम लागू नाही, तिथल्या पालकांनी इथल्या सूचना तशाच्या तशा लावू नयेत.

कायद्यात समितीची कामं चारच ओळींत आहेत: शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणं, अनुदानाच्या विनियोगावर लक्ष, आणि सरकार सांगेल ती इतर कामं. यातला आराखडा लोक फार हलका घेतात. कलम २२ सांगतं की सरकार किंवा स्थानिक प्राधिकरण जे अनुदान देईल, त्याचा आधार हा आराखडा असेल. म्हणजे संरक्षक भिंत आराखड्यात नसेल तर ती मागायला तोंड उरत नाही. आमच्याकडे आधीचा आराखडा शेजारच्या गावाचा उतरवलेला होता. त्यात आमच्या शाळेला नसलेली विहीर होती. आम्ही तो नव्यानं केला. एका शनिवारी सात आया आणि दोन बाप शाळेभोवती फिरलो आणि दिसेल ते वहीत लिहिलं: उताराला कठडा नाही, तिसऱ्या वर्गाच्या पत्र्याला भोक, हातपंपाच्या ओट्याला चीर. कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय असायला हवं याची यादी आहे. स्वच्छतागृह मुलामुलींचं वेगळं, पिण्याचं पाणी, स्वयंपाकाची जागा, मैदान, कुंपण, ग्रंथालय. ती यादी हातात धरून फिरा, दोन तासांत आराखड्याचा कच्चा मसुदा होतो.

पैशाचं थोडक्यात. सरकारच्या समग्र शिक्षा योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. ३१ ते १०० पटाच्या शाळेला २५,००० रुपये, १०१ ते २५० ला ५०,०००. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर लागले पाहिजेत. आकडा ऐकून लोक म्हणतात, एवढ्यात काय होतं. पण वीजबिल, खडू, झाडू, किरकोळ दुरुस्ती, सगळं त्यातूनच जातं, म्हणून पै-पैचा हिशेब हवा. कॅशबुक आणि पावत्या तीन महिन्यांतून एकदा समोर मागा. गणवेशाचंही तसंच. २०२४-२५ मध्ये तो राज्यस्तरावरून देण्याची योजना आली होती, पुढच्या वर्षापासून काम पुन्हा समितीकडे आलं. कापड निवडायला आयांना पुढं करा. धुतल्यावर कोणतं कापड आटतं हे त्यांना हात लावल्याबरोबर कळतं.

बैठकीची वेळ हा माझ्या मते सगळ्यात मोठा विषय आहे. आमच्याकडे बैठक सकाळी अकराला असायची. त्या वेळी बाया खुरपणीला गेलेल्या. कागदावर निम्म्या महिला, खुर्च्यांवर चार पुरुष. तांड्यावरच्या दोघी तर वर्षभर आल्याच नव्हत्या, त्यांच्या अंगठ्यांचे ठसे मात्र रजिस्टरात होते. मी वेळ संध्याकाळी सहाची करून घेतली आणि दर तिसरी बैठक तांड्यावर, देवळाच्या ओट्यावर. मुख्याध्यापक सरांनाही आधी अवघड गेलं, त्यांना तालुक्याला परतायचं असायचं. पण पहिल्याच बैठकीत तांड्यावरच्या एकीनं विचारलं, “आमची लेकरं मागच्या रांगेत का बसतात?” दोन वर्षांत तो प्रश्न कुणाच्या तोंडून निघाला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून रांगा दर आठवड्याला फिरायला लागल्या.

पोषण आहाराची पाहणी करायची तर सांगून जाऊ नका, आणि भांडायलाही जाऊ नका. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, आणि त्या जेवणातून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिनं, असं प्रमाण आहे. हजेरी ७१ असेल तर तांदूळ ७ किलो १०० ग्रॅम निघाला पाहिजे. मी स्वयंपाकाच्या मावशींना म्हटलं, आज आपण काट्यावर घालून बघू. पातेलं भरलं पण डाळ कमी दिसत होती. मावशी हळू आवाजात म्हणाल्या, “ताई, जेवढं काढून देतात तेवढं शिजवते.” तिथं कळलं की प्रश्न चुलीपाशी नाही, कोठीच्या किल्लीपाशी आहे. मग ठराव झाला: धान्य काढताना रोज एक पालक हजर राहील, वजन वहीत लिहील आणि वाढण्याआधी चव घेऊन चव रजिस्टरला सही करील. पाळ्या लावल्या. महिनाभरात वरणाचा रंग बदलला.

स्वच्छतागृहाची गोष्ट जास्त दिवस चालली. इमारत होती, कुलूपही होतं, पाणी नव्हतं. चौथी-पाचवीच्या मुली छोट्या सुट्टीत घरी जायच्या आणि त्यातल्या काही परत यायच्याच नाहीत. हे बैठकीत बोलले तर दोघं जण म्हणाले, “असं काही नाही.” म्हणून मी दोन दिवस लिंबाखाली बसून मोजलं आणि नावानिशी कागद ठेवला. त्यानंतर कुणी वाद घातला नाही. ठराव, त्याची प्रत ग्रामपंचायतीला, आणि प्रतीवर आवक क्रमांकासह पोच. पोच घेतल्याशिवाय कुठलाही कागद देऊ नका. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आम्ही अकरा जणी गेलो. विषय ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घातला गेला आणि जूनमध्ये नळ आला. त्या दिवशी पाचवीतल्या एका मुलीनं तोटी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. मला अजून तो आवाज आठवतो.

आता आमच्या भागाचं खरं दुखणं. दसरा झाला की मुकादमाचे, म्हणजे तोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराचे, ट्रॅक्टर लागतात आणि निम्मं गाव ऊसतोडीला जातं, कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी कर्नाटकात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत घरांना कुलपं. लेकरं सोबत गेली की उसाच्या फडातल्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, धाकट्या भावंडांना सांभाळत बसतात. परत आल्यावर वाचन विसरलेलं असतं, आणि दोन-तीन वर्षांत शाळा सुटतेच.

यावर हंगामी वसतिगृहाची योजना आहे आणि ते चालवण्यात समितीचाच हात असतो. आमच्या गावात मुलं आजी-आजोबांकडे झोपायची आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत. प्रस्तावाला वेळ लागतो, म्हणून सप्टेंबरमध्येच यादी करायला घ्या. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली घरं कोणती, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. आम्ही दोघी-दोघी घरोघर गेलो. एका आजीच्या दारात तासभर बसलो होतो. नात चौथीत, हुशार. आई-बाप नेणारच म्हणत होते. आजी म्हणाली, “मह्या जीवात जीव हाय तवर लेकरू उपाशी ऱ्हानार न्हाई. पन रातच्याला ताप आला तर म्या कुठं जाऊ?” जेवणाची, पुस्तकाची सगळी उत्तरं माझ्याकडे होती, हे नव्हतं. मी आशाताईंना, म्हणजे गावच्या आशा स्वयंसेविकेला, बोलावून आणलं. त्यांचा नंबर, माझा नंबर आणि शेजारच्या पोराचा नंबर कोळशानं दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या आकड्यांत लिहिला. पोरगी राहिली. जानेवारीत एका रात्री फोन आलाही, आणि आम्ही तिघं पोचलो.

जी मुलं तरीही जातात त्यांना शिक्षण हमी पत्र द्यायला लावा. ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं आणि परतल्यावर इकडं प्रवेशाचा प्रश्न येत नाही. आणि त्यांची नावं पटावरून कमी होऊ देऊ नका. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० ला तीन आहेत. गेलेल्या मुलांची नावं निघाली की राहिलेल्यांचा शिक्षकही जातो.

शिक्षकांबद्दल एक. त्यांच्यावर बैठकीत ओरडण्यानं मी कधी काही सुधारलेलं पाहिलं नाही. बदली समितीच्या हातात नसते. वेळेवर येणं, अभ्यासक्रम पुरा करणं, पालकांशी नियमित बोलणं ही कलम २४ नं त्यांची कर्तव्यं आहेत, ती शांतपणे विचारा. त्याच वेळी जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून त्यांना दुसऱ्या कामाला लावलं तर समितीनं त्यांच्या बाजूनं पत्र लिहा. आम्ही असं पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांना दिलं, त्यानंतर सर स्वतःहून कॅशबुक बैठकीत आणू लागले.

माझी मुदत संपली तेव्हा नव्या अध्यक्षबाईंना मी माझी दोनशे पानी वही दिली. पत्रांच्या प्रती आणि पोच तारखेप्रमाणे चिकटवल्या आहेत. शेवटच्या पानावर तीन कामं उघडी आहेत: उताराचा कठडा, तिसऱ्या शिक्षकाची मागणी, आणि यंदाच्या यादीतली सहा घरं, ज्यांच्या दारात अजून कुणी गेलेलं नाही.