सर्दी-खोकल्याच्या तापात व्हिटॅमिनच्या गोळ्या घ्यायच्या त्या कशा

कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटेचा गारठा वाढू लागला की आपल्याकडे गावोगावी सर्दी, खोकला आणि अंगदुखीची साथ येते आणि मेडिकलमध्ये ‘ताकदीच्या गोळ्या’ मागितल्या जातात. या गोळ्या विषाणूला मारत नाहीत. शरीरात एखाद्या घटकाची कमतरता असेल तर ती भरून काढणे एवढेच त्यांचे काम आहे. म्हणून विश्रांती, भरपूर पाणी, पातळ खिचडी आणि तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेले पॅरासिटामॉल हे आधी सांभाळावे आणि गोळ्या केवळ जोड म्हणून घ्याव्यात.

व्हिटॅमिन सीची चघळायची नारिंगी गोळी सहसा ५०० मिलिग्रॅमची असते. प्रौढाची रोजची गरज ६५ ते ८० मिलिग्रॅमच असल्याने दिवसाला एकीपेक्षा जास्त गोळी घेण्याचे कारण नाही. सर्दी झाल्यावर गोळी सुरू केल्याने आजार हमखास लवकर बरा होतो, असे चाचण्यांत दिसलेले नाही. आधीपासून रोज घेणाऱ्या प्रौढांचा आजार सरासरी ८ टक्क्यांनी, म्हणजे आठवडाभराच्या सर्दीत जेमतेम अर्ध्या दिवसाने, कमी झाला. तेवढ्यासाठी पैसे मोजण्यापेक्षा पेरू किंवा मीठ लावून कच्चा आवळा खावा, असे माझे मत आहे. काटोल-वरुडच्या संत्रापट्ट्यातही व्हिटॅमिन सीच्या बाबतीत आवळाच संत्र्यापेक्षा कितीतरी सरस ठरतो. मुतखड्याचा त्रास झालेल्यांनी आणि सिकलसेलच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोठी मात्रा घेऊ नये.

सर्वांत जास्त जपायचे ते व्हिटॅमिन डीच्या पुडीला. ६०,००० युनिटची ही पुडी आठवड्यातून एकदाच, दुधासोबत किंवा जेवणानंतर, डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे घ्यायची असते. माझ्या ओळखीच्या एका काकूंनी खोकला लवकर जावा म्हणून ती रोज घेतली. मळमळ, बद्धकोष्ठ आणि न शमणारी तहान सुरू झाल्यावर त्यांनी स्टीलचा डबा उघडून दाखवला, तेव्हा त्यात कात्रीने कापलेल्या चौदा रिकाम्या पुड्या नीट घडी करून ठेवलेल्या होत्या. जास्तीचे व्हिटॅमिन सी लघवीवाटे निघून जाते, डी मात्र चरबीत साठते आणि रक्तातले कॅल्शियम वाढवते. यावर सोपा उपाय असा की, पुडी आठवडी बाजाराच्या दिवशीच घ्यावी आणि लगेच कॅलेंडरवर खूण करावी.

झिंक उपाशीपोटी घेतल्यास मळमळते, आणि प्रौढांनी सर्व गोळ्या मिळून दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. तापासाठी डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर झिंक आणि लोहाच्या गोळ्यांमध्ये व त्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर ते औषधच पुरेसे अंगी लागत नाही. बी-कॉम्प्लेक्सने लघवी गडद पिवळी होते. ती कावीळ नव्हे, पण डोळेही पिवळे दिसले तर तपासून घ्यावे.

लहान मुलांना मोठ्यांच्या गोळ्या अर्ध्या करून देऊ नयेत. नारिंगी गोळ्या ती पिपरमेंट समजून खातात, म्हणून डबा उंचावर ठेवावा. गोवर झाला तर व्हिटॅमिन ए हा उपचाराचाच भाग असतो: एक वर्षावरील बालकाला २ लाख युनिट, लागोपाठ दोन दिवस. हा डोस घरी न देता आरोग्य केंद्रातच घ्यावा आणि आशाताईंनी आधीचा डोस कधी दिला ते कार्डावरून सांगावे.

मूल शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे ६०, वर्षाच्या आतील बाळाचे ५०, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा त्याहून जास्त भरले, अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर कोणत्याही गोळीची वाट न पाहता त्याच वेळी दवाखाना गाठावा. प्रौढाला धाप लागली, ओठ निळसर झाले किंवा शुद्ध हरपू लागली तरी हेच करावे. निघताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणि पुड्या पिशवीत घालून सोबत न्याव्यात, म्हणजे काय आणि किती पोटात गेले आहे ते डॉक्टरांना लगेच कळते.