समाजोपयोगी मोबाइल साधन मिळून बनवायचंय? इथून सुरुवात करा

विकसनशील देशांतल्या आरोग्य, शेती किंवा आपत्तीच्या कामासाठी ॲप बनवायचंय असं कुणी म्हणालं, की मी आधी विचारते, तयार काय आहे ते पाहिलंत का? बहुतेकदा नव्या ॲपची गरजच नसते. फोनवर फॉर्म भरून माहिती गोळा करायचं साधन म्हणजे ओपन डेटा किट (ओडीके). ते २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालं. नेटवर्क नसेल तेव्हा भरलेला फॉर्म ते फोनमध्ये साठवून ठेवतं आणि रेंज आली की पाठवतं. रुग्णनोंदींसाठी ओपनएमआरएस आहे, सरकारी आरोग्य आकडेवारीसाठी डीएचआयएस२. सगळ्यांचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्राम, कुणालाही पाहता-बदलता येईल असा खुला आहे, आणि प्रत्येकामागे नव्या माणसांना सामावून घेणारे लोक आहेत.

मग मिळून काम करायचं म्हणजे नक्की काय? माझ्या मते पहिला वाटा कोडचा नाही, फॉर्मचा आहे. ओडीकेचा फॉर्म साध्या स्प्रेडशीटमध्ये लिहिता येतो. एका स्तंभात प्रश्नाचा प्रकार, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात स्क्रीनवर दिसणारा मजकूर. दुसरी भाषा हवी असेल तर मजकुराचा आणखी एक स्तंभ वाढवायचा. त्यामुळे प्रोग्रामिंग न येणारी परिचारिका, भाषांतर करणारा शिक्षक आणि तुम्ही एकाच फाइलवर बसू शकता. ही सोय मला फार मोलाची वाटते.

एक प्रश्न जवळून बघू. कुपोषण तपासायला मुलाचा दंडघेर मोजतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११५ मिलिमीटरच्या खाली गेला, तर ते तीव्र कुपोषण. फॉर्मवर नुसतं ‘दंडघेर’ लिहिलंत, तर एक कार्यकर्ती ११.५ भरेल, दुसरी ११५. दोघींचंही बरोबर, पण तुमचा तक्ता बिघडला. म्हणून प्रश्नातच ‘मिलिमीटरमध्ये’ लिहा, आणि ६० ते ३०० च्या बाहेरचा आकडा फॉर्मने घेऊच नये अशी अट घाला. आकडा अडला, तर कारण तिच्या भाषेत दिसू द्या.

आता तो फॉर्म रोज हे काम करणाऱ्या बाईच्या हातात द्या, तिच्याच फोनवर, आणि गप्प बसा. ‘इथे दाबा’ म्हणायचा मोह आवरा. मूल रडतंय, एका हातात मोजपट्टी आहे, स्क्रीनवर ऊन पडलंय. अशा वेळी ती आधी कागदावर आकडा लिहून घेते का, कुठे थबकते, कोणता प्रश्न वगळते, तेवढंच टिपा. पुढची दुरुस्ती त्या टिपणावरून करा, बैठकीतल्या मतांवरून नको.

भरणाऱ्याला लगेच काहीतरी परतही मिळायला हवं. मलावीत युनिसेफच्या रॅपिडएसएमएस प्रकल्पात आरोग्य कार्यकर्ते मुलाची मापं साध्या एसएमएसने पाठवत, आणि मूल कुपोषित असल्यास तसं सांगणारं उत्तर त्यांच्याच फोनवर येई. आपण पाठवलेला आकडा कुठेतरी नुसता पडून राहतो असं वाटलं, की माणसं मनापासून भरत नाहीत.

एसएमएस वापरणार असाल तर हिशोब आधीच करा. रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरं बसतात. इथिओपियातल्या अम्हारिकमध्ये, बंगालीत किंवा देवनागरीत फक्त ७०. त्यापुढे संदेशाचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे पडतात. म्हणून भाषांतरकाराला मर्यादा सांगूनच मजकूर द्या.

फोन घरात सगळ्यांचा असतो, हेही धरून चाला. केनियात एचआयव्हीच्या रुग्णांना औषधं चालू ठेवायला मदत म्हणून दर आठवड्याला एक एसएमएस जाई. त्यात आजाराचं नावही नव्हतं, स्वाहिलीत नुसतं ‘कसं काय?’ विचारलेलं. रुग्णाने ‘ठीक’ किंवा ‘अडचण आहे’ एवढं कळवायचं. अडचण असली की दवाखान्यातून फोन येई. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या रुग्णांनी औषधं जास्त नियमित घेतल्याचं दिसलं.

दूर बसलेल्यांनाही काम असतं. २०१० च्या हैतीतल्या भूकंपात लोक ४६३६ या क्रमांकावर मदतीचे संदेश पाठवत होते, आणि परदेशातले, हैतीची क्रेओल भाषा जाणणारे स्वयंसेवक ते भाषांतरित करत होते. तुमच्या गटात असं काम आधीच छोट्या तुकड्यांत मांडून ठेवा. भाषांतर, जुन्या फोनवर चाचणी, मदतपुस्तिका. आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी पुरं करता येईल असं काहीतरी असू द्या.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. आरोग्य खात्याशी सुरुवातीलाच बोला. युगांडात आरोग्यासाठीचे असे सुटे सुटे प्रायोगिक मोबाइल प्रकल्प इतके वाढले, की २०१२ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने त्यांना स्थगिती दिली. सर्व्हरचं बिल कोण भरणार, पासवर्ड कुणाकडे राहणार, निधी संपल्यावर माहिती कुठे जाणार, हे लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. आणि ओडीकेसारख्या साधनाच्या कोडमध्ये तुम्ही केलेली दुरुस्ती स्वतःच्या प्रतीत ठेवू नका, मूळ प्रकल्पाकडे पाठवा. नाहीतर पुढच्या आवृत्तीच्या वेळी ती तुम्हालाच पुन्हा करावी लागेल.